हॅरिस शील्ड, हॅरिस पूल आणि लॉर्ड हॅरिस

मुळाकाठ (धागाकर्ता)

दापोडीचा हॅरिस पूल पुणे-पिंपरीकडच्या माणसाला सांगावा लागत नाही, आणि मुंबईच्या शाळकरी क्रिकेटरला हॅरिस शील्ड. सचिन तेंडुलकर-विनोद कांबळीची ६६४ धावांची अभेद्य भागीदारी याच शील्डच्या उपांत्य सामन्यातली, फेब्रुवारी १९८८ ची. दोन्हीकडे नाव एकाच माणसाचं: लॉर्ड हॅरिस, १८९० ते १८९५ या काळातला मुंबईचा गव्हर्नर. इंग्लंडातल्या लिखाणात त्याला पुष्कळ वर्षं भारतीय क्रिकेटचा जनक म्हणून गौरवलं गेलं, आणि आपल्याकडेही ते विशेषण अधूनमधून तसंच्या तसं उचललं जातं. मला ते पटत नाही. क्रिकेटवर त्याचा जीव होता यात शंका नाही. पण आपलं क्रिकेट त्याच्या येण्याआधीच उभं राहिलं होतं, आणि ज्या वेळी त्याचा शब्द कामी आला असता त्या वेळी तो दुसऱ्या बाजूने उभा राहिला. जरा सविस्तर लिहितो.

पूर्ण नाव जॉर्ज रॉबर्ट कॅनिंग हॅरिस, चौथा बॅरन हॅरिस. जन्म ३ फेब्रुवारी १८५१ चा, त्रिनिदाद बेटावरचा, कारण वडील तिथे गव्हर्नर होते. वडिलांची पुढची नेमणूक मद्रासची, १८५४ ते १८५९. म्हणजे सत्तावनच्या उठावात मद्रास इलाखा त्यांच्या हाताखाली. पणजोबा जनरल जॉर्ज हॅरिस. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण घेणाऱ्या फौजेचा सरसेनापती तोच. टिपू सुलतान त्याच लढाईत पडला. श्रीरंगपट्टणच्या लुटीतला जो घसघशीत वाटा जनरलला मिळाला, त्यातून त्याने केंट परगण्यात बेलमाँट नावाची जहागीर विकत घेतली. १८१५ मध्ये बॅरनपद मिळालं तेही 'श्रीरंगपट्टण आणि म्हैसूर'च्या नावाने. या घराण्याची उमरावी अशी आपल्या दक्षिणेतून उभी राहिलेली आहे.

चौथा हॅरिस शिकला ईटन आणि ऑक्सफर्डला. १८७२ मध्ये वडील वारले आणि एकविसाव्या वर्षी तो लॉर्ड झाला. केंटचं कप्तानपद त्याने १८७५ ते १८८९ सांभाळलं, चार कसोटी सामन्यांत इंग्लंडचं नेतृत्व केलं. १८८० मध्ये ओव्हलला इंग्लंडच्या भूमीवरची पहिली कसोटी झाली, तिचा कप्तान हाच.

त्याचा स्वभाव कळण्यासाठी सिडनीचा प्रसंग पाहावा. ८ फेब्रुवारी १८७९, न्यू साउथ वेल्सविरुद्धचा सामना. न्यू साउथ वेल्सचा फलंदाज बिली मर्डॉकला धावचीत दिलं. पंच जॉर्ज कोल्टहार्ड हा व्हिक्टोरियाचा, शिवाय इंग्लंडच्या संघाने सोबत आणलेला. प्रेक्षक खवळून मैदानात उतरले. गर्दीत कुणीतरी हॅरिसला काठी मारली. त्याच्या संघातल्या हॉर्नबीने त्या माणसाला धरून पॅव्हिलियनकडे ओढत नेलं, त्या झटापटीत हॉर्नबीचा शर्ट फाटला. पंच बदला, अशी मागणी झाली. हॅरिसने साफ नाकारली. मैदान सोडलं तर सामना हातचा जाईल म्हणून तो खेळपट्टीजवळच उभा राहिला. दुसऱ्या टोकाला जे पंच होते ते एडमंड बार्टन, पुढे ऑस्ट्रेलियाचे पहिले पंतप्रधान झाले. हिंमत, हेका आणि आपण म्हणू तोच नियम, या तिन्ही गोष्टी त्या एका दुपारी दिसतात, आणि मुंबईत आल्यावरही त्या दिसल्या.

१८८५ मध्ये तो भारतमंत्र्यांच्या कचेरीत दुय्यम मंत्री झाला, मग लष्करखात्यात. एप्रिल १८९० मध्ये लॉर्ड रे यांच्या जागी मुंबईत आला. गव्हर्नरचं वर्ष तेव्हा तीन ठिकाणी वाटलेलं असे: थंडीत मुंबई, उन्हाळ्यात महाबळेश्वर, पावसाळ्यात पुण्याला गणेशखिंड. आज पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत आहे तोच तो गव्हर्नरचा बंगला. तिथे त्याने क्रिकेटचे सामने भरवले, स्वतः खेळला.

आता तारखा बघा. पारशी संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर जाऊन आला १८८६ ला, पुन्हा १८८८ ला. जानेवारी १८९० मध्ये व्हर्ननच्या इंग्लिश संघाला पारशांनी मुंबईत हरवलं. हॅरिस आला त्यानंतर. डॉ. मेहेलाशा पावरींची गोलंदाजी त्याआधीच गाजत होती. मग जनक कसा?

आणि मैदानाचं प्रकरण तर सगळ्यात महत्त्वाचं. मुंबईच्या मोठ्या मैदानावर शेकडो एतद्देशीय पोरं खेळायची. त्याच जागेवर मूठभर गोरे साहेब आठवड्यातून दोनदा पोलो खेळत. घोड्यांच्या टापांनी जमीन उखडायची, आणि दुसऱ्या दिवशी तिथे चेंडू टाकला तर तो कुठे उडेल याचा नेम नसे. गोऱ्यांच्या जिमखान्याची राखीव जागा शेजारीच, तिच्यावर मात्र कुणी घोडा नेत नसे. पारशी खेळाडूंनी १८८१ पासून सरकारकडे अर्ज केले. एकदा पोलो कूपरेजच्या मैदानावर हलवण्याचा हुकूम निघाला, तो पुढे फिरवला गेला. शापूरजी सोराबजींनी हा सगळा झगडा पुढे पुस्तकात लिहून ठेवला आहे. हॅरिस आला तेव्हा लोकांना वाटलं, हा स्वतः इंग्लंडचा कप्तान, याला तरी खेळपट्टीचं दुःख कळेल. पुन्हा अर्ज गेला. हॅरिसच्या सरकारने तो फेटाळला.

मला यातलं हेच सर्वांत जास्त लागतं. ज्याला खेळातलं काही कळत नाही अशा अधिकाऱ्याने नकार दिला असता तर गोष्ट वेगळी.

---

आझादमैदान_नेट्स

धागा फार आवडला. मी शाळेकडून हॅरिस शील्ड खेळलोय, आता मुलांना शिकवतो. नावामागचा माणूस कधीच कुणी सांगितला नव्हता, आणि मीही मुलांना सांगितला नाही.

पोलोबद्दल वाचताना डोळ्यांसमोर चित्र उभं राहिलं. आझाद मैदानावर आजही एका सामन्याचा थर्ड मॅन दुसऱ्या सामन्याच्या कव्हरपाशी उभा असतो. चेंडू कुठल्या मॅचचा आहे हे ओरडून सांगावं लागतं. सकाळी खेळपट्टीवर पाणी मारून, रोलर ओढून जे काही तयार होतं त्यावर दिवसभराचा खेळ. त्यावरून घोडे धावले तर काय उरेल हे आमच्यासारख्याला विचारा. फलंदाजाच्या तोंडावर चेंडू येतो, आणि त्या पोरांकडे हेल्मेट कुठलं.

या शील्डने मुंबईला काय दिलं हेही नोंदवायला हवं. सरफराज खानच्या ४३९ धावा २००९ च्या, पृथ्वी शॉच्या ५४६ धावा २०१३ च्या, दोन्ही हॅरिस शील्डमध्येच. सचिन-कांबळीच्या त्या सामन्यात कांबळीने नंतर सहा विकेटही काढल्या होत्या, हे लोक विसरतात.

---

दफ्तरदार

मुळाकाठ, लेखन अभ्यासपूर्ण आहे पण निवाडा एकतर्फी वाटला. हॅरिस यांच्या बाजूनेही काही सांगायला हवं.

युरोपियन विरुद्ध पारशी असा अधिकृत सामना १८९२ च्या पावसाळ्यात सुरू झाला तो त्यांच्याच कारकिर्दीत. त्याच वर्षाच्या हिवाळ्यात लॉर्ड हॉक यांचा इंग्लिश संघ इथे आला. मुस्लिम आणि हिंदू जिमखान्यांना किनाऱ्यालगत जागा मिळाल्या त्याही त्यांच्याच काळात. मे १८९४ मध्ये हिंदू जिमखान्याचं उद्घाटन त्यांच्या हस्ते झालं. त्या जागेवर पुढे विजय मर्चंटपर्यंतच्या पिढ्या खेळल्या. दुसरा एखादा गव्हर्नर असता तर त्या वाळूत क्रिकेटसाठी एक वार जमीनही दिली नसती.

आणि सरकार चालवणाऱ्याने मैदान कुणाला द्यायचं हा निर्णय लष्करी अधिकाऱ्यांची नाराजी जमेस धरूनच घेतला असणार. पोलो खेळणारे बहुतेक फौजेतले. ते सोडून निव्वळ क्रिकेटप्रेमाच्या कसोटीवर त्यांना तोलणं मला न्यायाचं वाटत नाही.

---

मुळाकाठ

दफ्तरदार, जिमखान्यांचा मुद्दा तुम्ही काढलात हे बरं झालं, कारण तो माझ्याही मनात होता. जागा दिल्या हे खरं. पण कशा दिल्या ते बघा. १८९२ मध्ये मुस्लिम क्लबचा अर्ज आला तेव्हा हॅरिसने फायलीवर शेरा मारला आहे. त्याचा आशय असा: यांना नाही म्हणणं कठीण आहे, पण प्रत्येक जमातीचा एकेक प्रतिष्ठित जिमखाना झाला की यापुढे कुणालाही जागा देणार नाही, ज्याला खेळायचं त्याने आपापल्या जमातीच्या क्लबात जावं.

म्हणजे मुंबईच्या मुलाने क्रिकेट खेळायचं तर आधी तो कोणत्या धर्माचा हे ठरलेलं असायला हवं. पारशी जिमखान्याची जागा आधीची, पण सगळ्यांसाठीची चौकट सरकारी शाईने पक्की झाली ती इथे. पुढे धर्मवार संघांची १९०७ ची तिरंगी, १९१२ ची चौरंगी, १९३७ ची पंचरंगी स्पर्धा, सगळ्या त्याच चौकटीत वाढल्या. खेळ फुलला, लोकांनी डोक्यावर घेतला, हे मान्य. पण गांधीजींना १९४० मध्ये पंचरंगीविरुद्ध बोलावं लागलं त्याचं मूळ या वाटणीत आहे.

लष्कराच्या नाराजीबद्दल: आधीच्या सरकारने एकदा पोलो हलवलाच होता. तेव्हा राज्य कोसळलं नाही.

---

पालवणकर_स्मरण

याच वर्षांतली दुसरी एक गोष्ट सांगतो, म्हणजे चित्र पुरं होईल.

१८९२ च्या सुमारास, हॅरिस गणेशखिंडीत पावसाळा काढत होता तेव्हा, पुण्यातल्या गोऱ्यांच्या क्लबात पालवणकर बाळू नावाचा एक पोरगा महिना चार रुपयांवर नोकरीला होता. खेळपट्टी झाडायची, रोलर फिरवायचा, नेट बांधायचं. घराणं कोकणातल्या पालवणचं, चांभार समाजातलं. साहेबांना सराव हवा म्हणून त्याला चेंडू टाकायला लावलं. ग्रेग साहेब तासन् तास त्याच्याविरुद्ध खेळायचे, आणि बाळूने बाद केलं की दर वेळी आठ आणे द्यायचे अशी गोष्ट सांगतात. पगार वाढून बारा रुपये झाला. पण त्या क्लबात बाळूच्या हातात बॅट कधी दिली नाही.

डावखुरी फिरकी. पुढे मुंबईला जाऊन हिंदू जिमखान्याकडून खेळला, आणि १९०६ व १९०७ ला हिंदूंनी युरोपियनांना हरवलं त्यात त्याचा मोठा वाटा. मैदानावर सोबत खेळणारे सवर्ण खेळाडू चहाच्या वेळी त्याला बाहेर वेगळ्या भांड्यातून चहा द्यायचे. त्यामुळे फक्त गव्हर्नरला जाब विचारून भागणार नाही, आपल्या घरातलंही काढावं लागेल. कप्तानपद बाळूला कधी मिळालं नाही. धाकटा भाऊ विठ्ठल १९२३ मध्ये हिंदूंचा कप्तान झाला, तेही बरंच भांडण होऊन.

१९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. बाळूने त्या दौऱ्यात शंभराहून जास्त बळी घेतले. आणि त्याच दौऱ्यात केंटकडून साठ वर्षांचे लॉर्ड हॅरिस भारतीयांविरुद्ध खेळायला उतरले. प्रथम दर्जाचा त्यांचा तो शेवटचा सामना.

---

विदुला_स.

क्रिकेट बाजूला ठेवून कारभाराबद्दल लिहिते, कारण 'केसरी'चे त्या काळचे अंक वाचताना हॅरिसचं नाव सारखं येतं.

जुलै १८९३ मध्ये काठेवाडात प्रभासपाटणला हिंदू-मुसलमान दंगा झाला. त्याचे पडसाद ११ ऑगस्टला, शुक्रवारी, मुंबईत उमटले. जुम्मा मशिदीच्या परिसरातून सुरुवात झाली आणि गिरणगावापर्यंत पसरलं. सत्तर-ऐंशी माणसं मेली, शेकडो जखमी, हजारो लोक गाड्या-बोटी पकडून शहर सोडून गेले. लष्कर पहिल्याच दिवशी बोलवावं लागलं. गव्हर्नर होता पुण्यात. तो मुंबईत नवव्या दिवशी आला, आणि तेही मुख्यतः क्रिकेटचा सामना बघायला, असं त्याच्यावर लिहिणाऱ्यांनी नोंदवलं आहे.

त्यानंतर सरकारने गोरक्षण मंडळ्यांकडे बोट दाखवलं; टिळकांनी सरकारच पक्षपात करतं असं छापलं. सार्वजनिक गणेशोत्सवाची सुरुवात याच पार्श्वभूमीवरची. १८९४ मध्ये पुण्याला दारूवाला पुलापाशी मारामारी झाली. वाईत मिरवणुकीतली वाजंत्रीबंदी मोडली म्हणून गावातल्या प्रतिष्ठित माणसांना तुरुंगात धाडलं, त्यावरून तर सगळ्या महाराष्ट्रात संताप होता. लॉर्ड रे यांच्याबद्दल सुशिक्षितांत जो आदर होता त्याचा मागमूस हॅरिसच्या वाट्याला आला नाही. तो गेल्यावर त्याच्या कारकिर्दीवरच्या वर्तमानपत्री उताऱ्यांचं एक संकलन निघालं. त्याच्या प्रस्तावनेत म्हटलंय की गेल्या शंभर वर्षांत मुंबईच्या कुठल्याही गव्हर्नरवर इतकी कडक टीका झाली नव्हती.

दफ्तरदार, हे विरोधकांचं म्हणणं म्हणून बाजूला ठेवता येईल. पण देशी वृत्तपत्रं इतक्या एकमुखाने क्वचित बोलत.

---

दफ्तरदार

विदुलाताई, वाईबद्दल तुमच्याशी सहमत, तो हुकूम समर्थनीय नव्हता. नवव्या दिवसाबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. दंगल आवरणं हे पोलीस कमिशनर आणि फौजेचं काम. गव्हर्नर मलबार हिलवर येऊन बसला असता तर भेंडीबाजारात काय फरक पडला असता?

---

विदुला_स.

मेलेल्यांच्या घरच्यांना फरक पडला असता. राज्यकर्ता शहरात आहे एवढं दिसणंही कामाचं असतं.

---

फॅव्हरशॅमची_माई

मी केंटमध्ये राहते, बेलमाँट आमच्याकडून जवळच. घर लोकांना बघायला खुलं असतं. आत गेलं की श्रीरंगपट्टणच्या आठवणी भिंतींवर, पुढे क्रिकेटच्या, आणि खोल्याखोल्यांत घड्याळं. हा घड्याळांचा संग्रह पाचव्या लॉर्डचा, म्हणजे आपल्या गव्हर्नरच्या मुलाचा. तास भरला की एकामागून एक ठोके पडायला लागतात. बाकीची मंडळी ते कौतुकाने ऐकत होती. माझं लक्ष म्हैसूरच्या चित्रांवरून हलत नव्हतं.

इकडच्या जुन्या क्रिकेटप्रेमींना हॅरिस म्हणजे नियमाचा माणूस म्हणून ठाऊक. चेंडू फेकून टाकणाऱ्या गोलंदाजांविरुद्ध तो उभा राहिला. लँकशायरकडे तसे गोलंदाज होते, म्हणून १८८५ मध्ये त्यांच्याशी केंटचा दुसरा सामनाच रद्द केला. १९२२ मध्ये वॉली हॅमंडला ग्लॉस्टरशायरकडून खेळू दिलं नाही, कारण जन्म डोव्हरचा, म्हणजे केंटमधला, आणि ग्लॉस्टरशायरमधल्या निवासाची अट पुरी नव्हती. एवढा मोठा फलंदाज, पण नियम म्हणजे नियम.

रणजितसिंहजींना १८९६ च्या लॉर्ड्स कसोटीत घेतलं नाही, त्यामागे हॅरिसचा विरोध होता असं इथल्या बऱ्याच लेखकांनी लिहिलंय. पुढच्या मँचेस्टर कसोटीत यजमान लँकशायरने रणजींना घेतलं आणि त्यांनी ६२ आणि नाबाद १५४ काढल्या. विरोध करणाऱ्याचा स्वतःचा जन्म त्रिनिदादचा होता, हे इथेही अनेकांनी दाखवून दिलंय.

---

मुळाकाठ

माई, फार छान माहिती. रणजींचा विषय निघालाच आहे तर: हॅरिसने १९२१ मध्ये आठवणींचं पुस्तक लिहिलं. हिंदी माणसाकडे इंग्रजासारखा संयम नाही, तो चटकन उतावीळ होतो, असा त्यातला सूर आहे. पाचच वर्षांनी, डिसेंबर १९२६ मध्ये, गिलिगनच्या एम.सी.सी. (लॉर्ड्सच्या मेरिलबोन क्रिकेट क्लबच्या) संघाविरुद्ध मुंबईत सी. के. नायडूंनी १५३ केल्या आणि लगेचच्या सामन्यात आमच्या पुण्याच्या प्रा. दि. ब. देवधरांनी १४८. देवधर तेव्हा चौतिशीत होते, कॉलेजात शिकवून खेळत होते.

---

कॅरोनी

त्रिनिदादमध्ये काही वर्षं नोकरीला होतो म्हणून थोडं वडिलांबद्दल. भारतातून वेठमजुरांचं पहिलं जहाज तिथे मे १८४५ मध्ये लागलं आणि तिसरा लॉर्ड हॅरिस १८४६ ला गव्हर्नर होऊन आला. म्हणजे आपल्या माणसांची पहिली वर्षं त्याच्या अमलाखालची. सान फर्नांडो गावात त्याच्या नावाचा रस्ता आहे, हॅरिस प्रॉमेनेड. त्याचं एक वाक्य तिथे शिकलेल्या लोकांच्या तोंडी असतं. गुलामगिरी संपल्यावर त्याने लिहिलं होतं की एक वंश मुक्त झाला, पण समाज काही घडलेला नाही. प्राथमिक शाळांसाठी त्याने धडपड केली.

मुलाने बापाकडून ही नजर घेतली असती तर मुंबईचा अनुभव वेगळा झाला असता असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

---

आझादमैदान_नेट्स

एक विचारू? शील्डचं नाव बदलून पालवणकर बाळूंचं द्यावं, असं कुणाला वाटतं का?

---

पालवणकर_स्मरण

मनापासून सांगतो, मला नाही वाटत. हॅरिस शील्डच्या धावपुस्तकांत मुंबईच्या शंभर वर्षांच्या पोरांची नावं आहेत, ती त्यांची कमाई आहे. बाळूंच्या नावाने नवीन काहीतरी व्हावं: फिरकी गोलंदाजांसाठी, आणि ज्यांच्या घरी किट घ्यायला पैसे नाहीत अशा मुलांसाठी.

---

दफ्तरदार

याला माझा पूर्ण पाठिंबा. आणि मुळाकाठ, 'जनक' हा शब्द मीही यापुढे वापरणार नाही. आश्रयदाता म्हणेन, आणि तोही हात राखून देणारा.

---

मुळाकाठ

आश्रयदाता चालेल. पुढचं थोडक्यात: फेब्रुवारी १८९५ मध्ये तो परत गेला, त्याच वर्षी एम.सी.सी.चा अध्यक्ष झाला. दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणींच्या एका बड्या कंपनीचं अध्यक्षपद त्याने पुष्कळ वर्षं भूषवलं. १९०९ मध्ये लॉर्ड्सवर इंपीरियल क्रिकेट कॉन्फरन्स स्थापन झाली, आजच्या आय.सी.सी.ची पूर्वज, त्या घडामोडीतही तो होता. २४ मार्च १९३२ ला बेलमाँटला वारला. भारताची पहिली कसोटी लॉर्ड्सवर सुरू झाली २५ जूनला, तीन महिन्यांनी.

शापूरजी सोराबजींच्या पुस्तकातला पोलोविरुद्धचा अर्ज मराठीत करायला घेतोय. कायद्याची भाषा जरा अडते. दफ्तरदार, तुम्ही एकदा नजर घालाल का?

---

दफ्तरदार

आनंदाने. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.